बिनआवाजाची शाळा

बाबा, आमच्या शेजारची सून तिच्या चार वर्षांच्या मुलाला शाळेत घालणार नाही म्हणते. घरीच शिकवणार. हल्ली त्याला होमस्कूलिंग म्हणतात, त्याची पुस्तकं मिळतात, तिने तर त्यासाठी एक बुटकं टेबलही आणलंय. परवा मला विचारत होती, "काकू, पहिलं वर्ष फार कठीण जातं का हो?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. मग घरी येऊन तुमची आठवण काढत बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आठवण यायलाही आता असं काहीतरी निमित्त लागतं. वाईट वाटून घेऊ नका, माणसाचं असंच होतं.

संप झाला आणि गिरणी बंद पडली, त्या वर्षी मी चार वर्षांची होते. आधी तुम्ही म्हणायचात, पंधरा दिवसांत मिटेल. मग म्हणायचात, गणपतीपर्यंत मिटेल. मग काही म्हणणंच सोडलंत. आई भांडुपला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जायला लागली. सकाळी ती डबा घेऊन बाहेर पडायची आणि घाटकोपरच्या त्या बैठ्या चाळीत तुम्ही आणि मी उरायचो. मला मंडळाच्या बालवाडीत घालायचं ठरलं होतं. तुम्ही घेऊनही गेलात. बाई गाणं म्हणत होत्या, मुलं मागून म्हणत होती, आणि तुम्ही दाराशी उभे राहून नुसते बघत होतात. साचेखात्यात, म्हणजे माग चालतात त्या खात्यात, उभी जवानी काढलेल्या माणसाला बायकामुलांचे बारीक आवाज ऐकू येत नाहीत, कितीही ओरडलं तरी. तुम्ही माझा हात धरून मला परत आणलंत आणि संध्याकाळी आईला सांगितलंत, "थय काय शिकवतत ता काय कळणा नाय. मीच शिकवतंय तिका." आई म्हणाली, "तुमका जमतला?" तुम्ही म्हणालात, "सातवी पास आसंय मी." आई हसली नाही, हे तिचं मोठेपण. आता वाटतं, त्यात आणखीही एक कारण असावं. नळावरच्या बायका रोज विचारायच्या, काय, आज पण घरीच? त्या दिवसापासून तुमच्याकडे उत्तर आलं: पोरीला शिकवतोय.

आपल्या खोलीच्या आणि पलीकडच्या खोलीच्या मध्ये फळ्यांची भिंत होती. पलीकडचे काका विक्रोळीच्या कारखान्यात रातपाळी करून दिवसा झोपायचे. पहिल्याच आठवड्यात मी आकडे असे काही ओरडून म्हटले की त्यांनी फळीवर धाडकन लाथ मारली. माझा आवाज तुम्हाला ऐकू आला नव्हता, लाथ मात्र पाठीला जाणवली, कारण तुम्ही फळीला टेकून बसला होतात. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी पाटी टाकून उभी राहिले. "अभ्यास करताना आवाज नाय," तुम्ही म्हणालात. वर्षभरातलं तेवढंच एक रागावणं. मग तुम्ही मला गिरणीतलं बोलणं शिकवलंत. माग सुरू झाले की कानात ओरडलं तरी कळत नाही, म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलतात. शब्द पुरता तोंडात घोळवायचा, ओठ नीट हलवायचे, आवाज काढायचा नाही. समोरचा वाचतो.

मला ते फार आवडलं. तुम्ही दाराच्या उजेडाकडे तोंड करून बसलेले आहात, मांडीवर पाटी आहे, मी समोर आहे. तुम्ही ओठांनी विचारता, सातानंतर काय? मी ओठांनी सांगते, आठ. तुम्ही मान हलवता. खोक्याच्या फळ्यांची चौकट करून तिच्यावर तुम्ही दोरे ताणले होते, त्यांतून मी सुतळी एक वर एक खाली अशी घालत असे, आणि तसेच सम-विषम आकडे शिकले. मुळाक्षरं, फळं, पक्षी, पैशांची मोड, सगळं त्या खोलीत शिकले आणि सगळं आवाज न करता. बाहेर मी भलतीच तोंडाळ होते. लंगडी खेळताना माझा आवाज चाळीमागच्या डोंगरापर्यंत जायचा म्हणे. पण अभ्यास म्हटला की माझं तोंड आपोआप गप्प चालायला लागे. जेवताना जसं मांडी घालून बसायचं, तशी ती अभ्यासाची रीत होती, मला त्यात वेगळं काही वाटत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. दुपारी आई नसायची, त्यामुळे तिला तर यातलं धड काही माहीतच नव्हतं.

वर्ष संपलं, गिरणी काही उघडली नाही, आणि पहिलीच्या प्रवेशाचे दिवस आले. स्टेशनपलीकडची शाळा चांगली, पण मुलाखत घेऊन मुलं निवडतात, असं सगळे म्हणत. तुमचा हट्ट त्याच शाळेचा. वर्षभर हातून दुसरं काही झालं नव्हतं, हे एकच काम तुम्ही केलं होतं, आणि ते कुणीतरी तपासून बरोबर म्हणावं असं तुम्हाला वाटत होतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं, आज कळतं. तुम्ही कडक इस्त्रीचा शर्ट घातलात. आत एकाच पालकाला सोडणार होते. आई उठायला लागली तर तुम्ही म्हणालात, "शिकवलंय कोणी?" ती पुन्हा बाकावर बसली.

मोठ्या बाईंनी नाव विचारलं. मी सांगितलं. सीताफळाचं चित्र दाखवलं. मी सांगितलं. पाच चेंडूंतले दोन हरवले तर किती? तीन. प्रत्येक उत्तराला तुम्ही मान हलवत होतात, आणि तुमचा चेहरा इतका खुलला होता की तसा मी नंतर कधी पाहिला नाही. "बोल ना बाळ, घाबरू नकोस," बाई म्हणाल्या. मला वाटलं, बाईंना वाचता येत नाही. मला त्यांची कीव आली, म्हणून मी ओठ आणखी मोठे करून, सावकाश सगळं पुन्हा सांगितलं. शेवटी तुम्हीच म्हणालात, "बघा बाई, एक पण चुकली नाही." बाईंनी आधी तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग त्या उठून दाराबाहेर आईशी काहीतरी बोलून आल्या. तुम्ही बाईंना दोनदा नमस्कार केलात.

रस्त्यात तुम्ही पेढे घ्यायला थांबलात. आई म्हणाली, "यादी लागांदे आधी." तुम्ही पुढे झालात तेव्हा तिने मला हळूच विचारलं, "बाईंना सांगितलंस ना गो सगळं?" मी खणखणीत आवाजात म्हटलं, "सांगितलं की!" आई रस्त्यातच थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

यादीत माझं नाव नव्हतं. चाळीजवळच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेने काही न विचारता मला घेतलं आणि माझं काही बिघडलं नाही. पाटी तुम्ही पुन्हा मांडीवर घेतली नाहीत. थोड्याच दिवसांत वॉचमनची नोकरी धरलीत. पुढे चाळीत कुणीही विचारलं तरी तुम्ही सांगायचात, आमची पोरगी त्या शाळेत पास झाली होती, लांब पडतं म्हणून घातली नाही. मीही तेच सांगत मोठी झाले. आता हे पत्र लिहून काही होणार नाही, शेजारच्या सुनेला तर मी यातलं काहीच सांगणार नाही. तिचं टेबल चांगलं आहे, तिचं बरं चाललंय. पण तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली.

यादी लागली त्या संध्याकाळी मी उंबऱ्यावर बसून चुरमुरे खात होते. आई भाकऱ्या थापायची थांबली आणि तुमच्याकडे वळली. मला ऐकू जाऊ नये म्हणून ती आवाज न काढता, नुसत्या ओठांनी बोलली. इतक्या वर्षांच्या संसारात ते तिलाही येत होतं. "तिचो आवाज इलोच नाय. एकदा पण नाय." मग तुमचे ओठ हलले, "माका तर सगळा आयकाक इला."

मी ते वाचलं, बाबा. आईला धड ठाऊक नव्हतं आणि तुम्ही विसरलात की मला वाचता येत होतं. नंतर तुम्ही माझ्या शेजारी उंबऱ्यावर येऊन बसलात आणि म्हणालात, "पास झालंस गो तू. पण ती शाळा लांब पडता. आपण हयच्या शाळेत जावया. चालात मा?"

मी हो म्हटलं. आवाज न काढता. तुम्हाला ऐकू गेलं.