उलटी प्रदक्षिणा

बसवनगुडी, बंगळूर
१९ नोव्हेंबर १९६१

प्रिय पद्माकरअण्णा,

माझं अक्षर बघून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. पाय तेवढे सुजलेत, ते कोमट पाण्यात सोडून बसले आहे. गुरुराज मघापासून म्हणताहेत, आधी स्वल्प जेवून घे, मग भावाला लिही. पण मला दम निघत नाही.

काल मी एकटीच बन्नेरघट्ट्यापलीकडे नरसिंहाच्या डोंगरावर गेले होते. कार्तिकातला शनिवार म्हणजे आप्पा तिथे असणारच. लहानपणी आपल्याला न्यायचे तसेच अजूनही जातात. डोंगर उजव्या हाताला ठेवून आधी नदीकाठची झाडी, मग चढण, आणि वरच्या धारेवरून परत देवळात. मी गुरुराजांशी, कानडी माणसाशी, रजिस्टर लग्न केलं आणि तू साक्षीदार म्हणून सही केलीस, त्या दिवसापासून दोघांनाही घर बंद. तू पुण्याला निघून गेलास, सुटलास. मी इथेच. त्यांच्या चिकपेठेतल्या दुकानासमोर उभी राहिले की आप्पा कापडाच्या गठ्ठ्यांमागे जाऊन बसायचे. म्हणून या वेळी ठरवलं, उलट बाजूने चालायचं. धारेवरची वाट एका माणसापुरती, दोन्हीकडे खोल उतार. तिथे कुठे लपतील? आज त्यांना बोलायला लावायचंच, असा हट्टच धरला होता मी. उलटी प्रदक्षिणा बघून पुजाऱ्यांनी हटकलं, त्यांना सरी सरी, बरं बरं म्हणून सटकले.

धारेवर लांबूनच त्यांचं उपरणं दिसलं. त्यांनीही ओळखलं असावं, कारण ते थबकले. वाटलं, आता मागे फिरतील. पण प्रदक्षिणा कशी मोडणार? आले तसेच पुढे आले. किती वाळलेत रे! मी खडकाला पाठ लावून वाट दिली. त्यांनी हातातली काठी माझ्याजवळ खडकाला टेकवून ठेवली आणि वर न बघता निघून गेले. विसरले असतील म्हणून हाक मारली, तर थांबलेही नाहीत. मला असा संताप आला की काठी दरीत भिरकावून द्यावी.

नशीब, भिरकावली नाही. खाली झाडीत उतरले तर वाटेवर हत्तीची ताजी लीद आणि मोडलेले बांबू. आप्पा थोड्या वेळापूर्वी तिथूनच आले होते. दगडावर काठी आपटत चला, आवाज आला की हत्ती बाजूला होतात, हे ते आपल्याला दर वेळी सांगायचे ना? मी दिसेल त्या दगडावर आपटत सुटले. नदीपलीकडे काहीतरी प्रचंड हललं, कडाकडा फांद्या मोडल्या. श्वास घ्यायचीसुद्धा भीती वाटली. मग हात बधिर होईपर्यंत काठी आपटली, नरसिंहाला हाका मारल्या, मधेच तुलाही मारल्या. हळूहळू आवाज दूर गेला आणि मी देवळापर्यंत पळतच आले.

आप्पा पायरीवर बसले होते. बस समोरून गेली तरी उठले नाहीत, असं पुजारी म्हणाले. मी काठी पुढे केली, त्यांनी घेतली. माझ्या पायांकडे बघितलं. मग नजर माझ्या मागच्या वाटेवर गेली आणि तिथेच राहिली. शेवटी म्हणाले, “आणि पद्माकर?”

लहानपणी तू नदीत दगड टाकत मागे रेंगाळायचास, तसाच येतो आहेस असं त्यांना वाटलं. तू पुण्यात आहेस हे मी सांगितलं, तरी शेवटची बस येईपर्यंत ते त्या वाटेकडेच बघत बसले. बसमध्ये मात्र शेजारची जागा मला ठेवली. अण्णा, कार्तिक अजून संपलेला नाही. रजा काढ आणि ये. नदीच्या बाजूने नको, उलट बाजूने चढ. काठी मात्र आणू नकोस, ती ते देतील.

तुझीच,
हेमा