साठीच्या अलीकडे

अप्पा, मला भीती वाटते आहे. पुढच्या महिन्यात मला साठ पूर्ण होतील, आणि तुम्ही एकोणसाठचे असतानाच गेलात.

तंजावूरच्या याच स्वयंपाकघरात, मी शाळकरी पोर, दिवाळीचा आदला दिवस, अम्मा चकलीसारखे मुरुक्कू तळते आहे आणि तुम्ही, शाळेतले गणिताचे मास्तर, मला जमिनीवर बसवून साठ मुरुक्कू मांडायला लावता. दोघांत वाट, तिघांत, चौघांत, पाच, सहा. दर वेळी सारखेच वाटे पडतात. "साठाकडनं कोण्ही रित्या हातीं जाईना, अस्कींला वाटा अहे," म्हणता. साठ वर्षांत गुरूच्या पाच फेऱ्या, शनीच्या दोन. दोघेही साठीला जन्माच्या घरी परततात, संवत्सराचं नावही फिरून तेच येतं, म्हणून साठीला माणूस बायकोच्या गळ्यात पुन्हा मंगळसूत्र बांधतो, हेही तेव्हाच सांगितलंत. मग एक मुरुक्कू तोंडात टाकलात. "आतां वाट." मी रडकुंडीला आलो, एकही वाटणी जमेना. "एकोणसाठ असाच, एकला राह्तो," म्हणत तुम्ही हसत होतात.

पुढे तुमच्या साठीसाठी तिरुक्कडैयूरच्या देवळातला दिवस ठरला, अम्माला रेशमी साडी आली, आणि शाळेतून परतताना टाउन बसमध्ये तुम्ही बसल्या जागी गेलात. अम्माने त्या साडीची घडी कधी मोडली नाही.

माझे रिपोर्ट सगळे चांगले आहेत. डॉक्टरांवर माझा विश्वास आहे, छातीवर नाही. जिना चढताना हात आपोआप डावीकडे जातो, आणि टाउन बसमध्ये जागा रिकामी असली तरी मी उभाच राहतो. बायको चिडवते, साठी बुद्धी नाठी. मी मनात म्हणतो, बुद्धी नाठायला आधी साठी गाठावी लागते. देवळातला दिवस ठरवायचं मी आज-उद्या करत टाळत आलो. आज सकाळी ती पेटीतून अम्माची साडी घेऊन आली. "अत्तेंची साडी मी नेसूं का? त्यांची हौस राहिली." तिचा चेहरा इतका फुलला होता की मी "होंदे" म्हणालो. दिवस ठरला. कॉफी मात्र माझ्या हातातच गार झाली.

आपल्या घरात मराठी फक्त बोलायची, लिहायचं ते तमिळमध्ये; पुण्याच्या नोकरीत शिकलेली ही देवनागरी घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. तुम्हालाही येत नव्हती. म्हणून तर यात लिहिलं. बायकोला विचारलंत तर ती सांगेल, मी अजिबात घाबरलेलो नाही. तुम्ही समोर असतात तर तुम्हालाही मी तेच सांगितलं असतं.