मोकळ्या जागेचा राखणदार

४ जानेवारी १९३४
गिरणीच्या चाळी वाढत वाढत आमच्या शुक्रवार पेठेच्या पाठीला येऊन टेकल्या. उरले फक्त मागचे मैदान. चार लिंब आणि जनावरांपुरते गवत. तेही जाणार, असे दिसते. पोस्टातून रिटायर झालो तो बहुधा याचसाठी. आजपासून राखणदार मी.

७ जानेवारी
शेजारचा चनबसप्पा, शेंगांचा आडत्या, सकाळी मैदानावर पावले टाकत होता. मला पाहून हसला. आडत्या उगीच हसत नाही. जागा मोजतो काय, म्हणून विचारले. म्हणाला, "पोट सुटलंय की आबासाहेब! डाक्टर लई चाला म्हनले." चाळ बांधणार हा. नक्की.

१५ जानेवारी
मैदान बचाव कमिटी स्थापन. प्रेसिडेंट मी. सेक्रेटरी विश्वासू हवा, म्हणून तोही मीच. बायकोला, गोजरबाईला, मेंबर हो म्हणालो. म्हणाली, "आदी दळण आना."

१६ जानेवारी
दळण आणले.

२ फेब्रुवारी
मैदानाला बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले. तिथे सूत वाळवणाऱ्या विणकरांच्या बायका भांडायला आल्या. शिवम्मा सगळ्यांत पुढे. "लगीन होऊन आल्यापासनं आमी हितं सूत वाळवतोय. तुमी कुटं होता?" पोस्टात होतो, असे शांतपणे सांगितले. बाईला चनबसप्पाची फूस आहे.

१८ फेब्रुवारी
पाळत ठेवायची तर आडोसा पाहिजे. मैदानात पत्र्याची खोली उभारली. लहानशीच. एक लिंब आड येत होता, तोडला. नाइलाज.

५ मार्च
खोलीत खाट, माठ, आरामखुर्ची. पुढे पडवी काढली. त्यात दुसरा लिंब गेला. मैदान हल्ली लहान वाटते. कोणीतरी कडेकडेने गिळते आहे. पाळत वाढवली पाहिजे.

२१ मार्च
चनबसप्पा आणि शिवम्मा म्युनिसिपालिटीत गेले. मागे बायकांचा घोळका. घोळक्यात आमची गोजरबाई! संध्याकाळी जाब विचारला. म्हणाली, "मैदान मोकळं ऱ्हाऊ द्या म्हनून सांगाय गेलो हुतो." कोणापासून धोका आहे, ते सांगितले का, विचारले. व्हय म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. नाव काही सांगेना. घरातच फितुरी.

९ एप्रिल
विजय! म्युनिसिपालिटीचा ठराव झाला. मैदान कायमचे मोकळे, एक वीटही रचायची नाही. माझ्या पाळतीचे फळ. चनबसप्पा पेढे वाटत होता. दुःख लपवण्याची काय ही शिकस्त! उद्या ओव्हरसियर माणसे घेऊन मैदानावर येणार. सत्कार असावा. कोट इस्त्रीला दिला.

१० एप्रिल
ओव्हरसियर आले. हार नव्हता, पहारी होत्या. मैदानात बांधकाम एकच होते.
पत्रे उतरायला फार वेळ लागला नाही. बायकांनी काटे ओढून जाळले. चनबसप्पाने माझी खाट स्वतःच्या डोक्यावर घेऊन घरी पोचवली, पाणी प्याला आणि गेला. यात त्याचा काय डाव असावा? दुपारभर विचार केला. सापडला नाही.
ऊन उतरल्यावर गोजरबाई म्हणाली, "चला, गवतावर बसू. समदी आल्यात." मी कोट घालून गेलो. शिवम्माने सरकून जागा दिली. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी हळूच गोजरबाईला विचारले, यांना माझा संशय येतो की काय?
म्हणाली, "संशय कशाचा? समद्यांनी डोळ्यांनी बगितलंय की."