आंबेसरी, जिल्हा रत्नागिरी

८ मार्च २०२६, रविवार

लेकीचं, आर्याचं नाव यादीत आलं! केंद्र सरकारची नोकरी, पहिल्याच फटक्यात! सकाळपासून फोन थांबत नाहीये. चंदाने शेजारीपाजारी तीनदा मिठाई वाटली, तिसऱ्यांदा त्याच घरांत.

कागदपत्रांची तपासणी २० मे. जातीचा दाखला लागणार, केंद्राच्या नमुन्यातला. तो इथली, लखनौची तहसील देईल, पण आपण मूळचे महाराष्ट्राचे, म्हणून आधी मूळ जिल्ह्याकडून पडताळणी होऊन यायला हवी. नाही आली तर जागा हातची गेली. चंदा लगेच काळजीत पडली. मी म्हटलं, जिल्ह्याचं काम माझ्यावर सोड. रत्नागिरी जिल्हा मला जेवढा पाठ आहे तेवढा तिथल्या कलेक्टरलाही नसेल!

बढाई नाही, खरं तेच लिहितोय.

१० मार्च

बाबांचा १९६४ चा दाखला ट्रंकेतून काढला. ‘मौजे आंबेसरी, जिल्हा रत्नागिरी.’ तालुका घडीवर फाटून गेलाय. हरकत नाही. जिल्ह्याच्या गावांची यादी काढली — आंबेसरी, तालुका संगमेश्वर. पाच मिनिटांचं काम. फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहिलं.

११ मार्च

अर्ज दिला. तहसीलचा बाबू म्हणाला, “श्रीमान जी, ऐसा भरा हुआ फॉर्म रोज़ आए तो हमारी नौकरी आसान हो जाए.” माणसाला पारख आहे.

२९ मार्च

भीमजयंतीच्या सभेत मुलांसमोर बोलायचंय. विषय मीच दिला: आपला जिल्हा — प्रशासन, इतिहास, लोकसंख्या. वीस मिनिटं. चंदा नागपूरची, ती म्हणते, “अहो, त्या मुलांना जेवायचं असतं. दहा मिनिटं बोला.” दहा मिनिटांत बाणकोटसुद्धा संपत नाही!

आर्याने विचारलं, “पापा, आप वहाँ टोटल कितने दिन रहे हो?”

दोन. १९९८ साली. रत्नागिरी शहरात, लॉजवर. थिबा राजवाडा पाहिला, आंबे घेतले, परत आलो. आंबेसरीला जायचं होतं, पण बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, “घर पडलं. कुणी उरलं नाही.” गावाबद्दल ते एवढंच बोलायचे. पुन्हा विचारलं की उठून झाडांना पाणी घालायला जायचे. २००९ साली वारले, तोवर तेच. म्हणून मी सगळा जिल्हा पुस्तकांतून शिकलो. त्यात लाज कसली? माणूस पुस्तकातूनच नीट शिकतो.

१४ एप्रिल

भाषण झकास झालं! सरोजिनी नगरचा हॉल भरलेला. चौतीस मिनिटं. (चंदा मागून घड्याळ दाखवत होती. मी पाहिलं नाही.)

मुख्यालय आधी बाणकोटला, १८२२ ला रत्नागिरीला आलं, हे सांगितलं. १ मे १९८१ ला दक्षिणेकडचे तालुके तोडून सिंधुदुर्ग जिल्हा केला, आता रत्नागिरीत नऊ तालुके, ते एका दमात म्हणून दाखवले — टाळ्या! मग लोकसंख्या. २०११ ची जनगणना, सोळा लाख पंधरा हजार, आणि हजार पुरुषांमागे अकराशे बावीस बायका. इथे यूपीत असं कुणी ऐकलेलंच नाही. एका मुलाने विचारलं, “अंकल, तो आदमी लोग सब कहाँ गए?”

मी म्हटलं, मुंबईला. नोकरीला. कुणी आणखी लांब. बायका घर धरून राहतात. मुलींना मराठीतून सांगितलं, हा आपल्या जिल्ह्याचा मान आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आज मला माझं फार कौतुक वाटलं. लिहायला काय जातंय.

१७ एप्रिल

पडताळणी नाकारली!

‘सदर नावाचे कुटुंब मौजे आंबेसरी, ता. संगमेश्वर येथील अभिलेखात आढळून येत नाही.’ एका ओळीत! पिढ्यानपिढ्यांचं घराणं एका ओळीत पुसलं.

बाबू आता ‘श्रीमान जी’ म्हणाला नाही. “देखिए, गाँव ही आपको नहीं पहचान रहा.”

१८ एप्रिल

कडक शब्दांत चार पानी पत्र लिहिलं. संदर्भांसह.

१९ एप्रिल

आर्याने पत्र वाचलं. मग बाबांचा दाखला मागितला. बराच वेळ बघत बसली. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसतंय, पोरगी झोपत नाहीये. मी पाहिलं नव्हतं.

“पापा, ये १९६४ का है ना?”

“हो.”

“तो तब सिंधुदुर्ग था ही नहीं. आपने ही तो बताया. १ मई १९८१.”

तिने सिंधुदुर्गाची यादी उघडली. तिथेही एक आंबेसरी. दोन आंबेसऱ्या, आणि मी चुकीची उचलून सबंध मुलगी तिच्यात ढकलली! जिल्हा पंचेचाळीस वर्षांपूर्वी तुटला, बाबांनी सांगितलं नाही, मीही तपासलं नाही. आमच्या घरात तो अजून अखंडच होता. चौतीस मिनिटं लोकांना जे सांगितलं तेच स्वतःच्या कागदाला लावलं नाही. गाढव!

आर्या रागावली नाही. हसली. “चलो, अब सही वाला पकड़ते हैं.” तिचं हसणं मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

चार पानी पत्र फाडलं.

२१ एप्रिल

चुकलो, पण बसून राहणारा माणूस मी नव्हे. चिनहटच्या ऑफिसातून दिवसभर फोन. सिंधुदुर्गाच्या मुख्यालयाला ओरोसला, तालुक्याला, ग्रामपंचायतीला. शेवटी वाडीच्या बौद्ध मंडळाचा सेक्रेटरी सापडला — सुगत. तरुण आवाज.

“जय भीम, दादानू. लखनौसून? थांबा, थांबा. नाव सांगा वडलांचा.”

सांगितलं. पलीकडे पानं चाळल्याचा आवाज. मग म्हणाला, वाडीच्या मंडळाची वही आसा, छप्पन सालापासूनची. लग्न, जन्म, मरण, सगळा त्यात. “कामाक गेलेलो माणूस पण वहीतसून जाणा नाय. तुमचे वडील आसत.”

वहीत बाबा आहेत! खुर्चीतून उठलो. बाजूच्या टेबलावरच्या माणसाला मिठीच मारणार होतो.

२३ एप्रिल

दुरुस्त अर्ज गेला. बाबू: “इस बार पक्का?” मी म्हटलं, पक्का. खोटं वाटलं नाही.

२ मे

सुगतचा फोन. वही चालते, पण सोबत रक्ताच्या नात्यातल्या कुणाचा पडताळणी झालेला दाखला जोडला तर काम झटक्यात होईल. मी म्हटलं, आमचं तिथे कुणीच नाही.

“आसत मा.”

म्हणजे? तर म्हणाला, एकांचो दाखलो तीस वर्सांपूर्वीच झालो, पडताळणीसकट. ते सही करूक तयार आसत. म्हटलं, चुलत घरातलं कुणी असेल, नंबर दे, आभार मानतो.

“आधी काम होवंदे, दादानू. मग बोला. ता तुमका कागदावर दिसतलाच.”

कोकणी माणूस सरळ उत्तर देईल तर शपथ! पण काम होतंय. बाबा उगाच म्हणायचे कुणी उरलं नाही. चुलत तर चुलत! पुढच्या भाषणात घालीन.

११ मे

ओरोसहून फाइल निघाली. आर्या आज पहिल्यांदा नीट जेवली. चंदाने पुरणपोळी केली, बेचाळीस डिग्रीत!

१६ मे

पडताळणी आली. आर्याची जागा वाचली.

सोबत वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राची प्रत. बाबांच्या नावाखाली दोन रेघा. एक माझी. दुसरी — माणिक, जन्म १९६१, निवृत्त शिक्षिका, राहणार आंबेसरी. तिची आई भागीरथी, लग्न १९५९, मृत्यू २०१९. भागीरथी हे नाव मी आज पहिल्यांदा वाचलं. चंदाने विचारलं काय झालं, मी कागद तिच्यापुढे सरकवला. रडलो.

प्रतिज्ञापत्र माणिकने केलंय. अर्जदार आपली कोण, या रकान्यात तिने शाळेतल्या फळ्यासारख्या गोल अक्षरांत लिहिलंय — भावाची मुलगी.