बारा मुलांची फाइल

घाटकोपर पूर्व,
मंगळवार

चि. नंदकिशोर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

दिल्लीत थंडी सुरू झाली असेल. मीराचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, लिफ्ट असताना जिने चढायची हौस नको. माझं बीपी सध्या डॉक्टरांनाच पाहवत नाही, आणि त्याला कारण तुझ्या परराष्ट्र खात्याचं परवा आलेलं पत्र. 'श्रीमती तेंडोलकर, आपल्या मुलाचा विषय विचाराधीन असून योग्य त्या स्तरावर संपर्क साधण्यात येत आहे' अशा अर्थाचं इंग्रजी, आणि खाली सही तुझी! मेल्या, तुला कडेवर घेऊन वेंगुर्ल्याचा बाजार फिरले मी, आणि मला श्रीमती? रेशनिंग ऑफिसात तेहतीस वर्षं मी हीच वाक्यं लिहिली रे. 'विचाराधीन' म्हणजे कागद कुठे आहे ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही, हे मला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही.

सुयोग त्या मालवाहू जहाजावर इंजिनियर म्हणून चढला, तेव्हा जहाजाचे कागद खोटे आहेत हे त्याला काय माहीत? त्या देशाने (नाव लिहीत नाही, उगाच तुमचे संबंध बिघडायचे) जहाज बंदरात अडकवलं, त्यावरच्या आपल्या बाराही मुलांचे पासपोर्ट काढून घेतले, त्याला पाच महिने झाले. मुलं भात आणि बटाटे खातायत. तुला फोन केला, तर तू म्हणालास, "ताई, घरचं प्रकरण आहे, मी फाइलला हात लावणं बरं दिसत नाही." ठीक. मग मी माझ्या वाटेने निघाले.

शेजारची श्रुतिका मुलुंडच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. तिथे एका निवृत्त राजदूतांचं व्याख्यान होतं, परराष्ट्र धोरण कसं ठरतं यावर. मी पहिल्या रांगेत, वही उघडून. साहेबांनी फळ्यावर वर्तुळं काढली: मध्ये मंत्रिमंडळ, भोवती मंत्रालय, मग दूतावास, मग व्यापार, सैन्य, जनमत. मित्र बदलतात, देशाचं हित बदलत नाही, म्हणाले. (आमच्या सोसायटीत उलटं आहे. हित रोज बदलतं, भांडण मात्र तेच.) प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उभी राहिले.

"साहेब, माझा मुलगा यातल्या कुठल्या वर्तुळात?"

पोरं हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, की जहाजाची नोंदणी एका देशात, मालक दुसऱ्या, बंदर तिसऱ्या. म्हणजे खात्यातले तीन विभाग, आणि प्रत्येकाला वाटत असणार की हे काम दुसऱ्याचं. त्यात त्या देशाशी गॅसची बोलणी चालू असली, तर असे छोटे विषय शेवटी निघतात.

"छोटा कसा साहेब? पाच फूट अकरा इंच आहे."

"ताई, तुम्ही बसा."

"बसत नाही."

वॉचमन आला. तशी श्रुतिका माझ्या बाजूला उभी राहिली, मग तिच्या मैत्रिणी, मग हसणारी पोरंसुद्धा. वॉचमनला कुणाला धरावं कळेना. शेवटी साहेब स्टेजवरून खाली आले आणि हळू आवाजात म्हणाले, "दया मागू नका. फाइल कोणाची ते लेखी मागा. दूतावासाच्या माणसाने जहाजावर जाऊन मुलांना भेटावं, हा हक्क म्हणून मागा. धोरण वर ठरतं ताई, पण कागद हलवतो तो कारकून."

अरे, मग आधी सांगायचं ना! मी तेच तर होते. तिन्ही विभागांना पत्रं लिहिली, प्रत्येकाची प्रत उरलेल्या दोघांना. केरळपासून बिहारपर्यंत उरलेल्या अकरा आयांना नमुना पाठवला. एका सोमवारी छत्तीस पत्रं पडली. मग तुझा फोन, "ताई, काय चालवलंयस! आमचे साहेब विचारतायत, ही बाई तुझी कोण." मी काय म्हटलं आठवतंय ना? सांग, कोणी नाही. घरचं प्रकरण, बरं दिसत नाही.

गेल्या शुक्रवारी दूतावासाचा माणूस जहाजावर गेला. त्याने फोटो पाठवला. सुयोगने दाढी वाढवलीय, गाल बसलेत. पण उभा आहे. तेव्हा सांगून ठेवते, दर सोमवारी पत्रं येणार. तुझी बदली झाली तरी नवा पत्ता मी शोधून काढीन.

मीराला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
विमलाताई

ता. क. पाकीट चिकटवणार तोच सुयोगचा फोन आला. तिघांना सोडतायत, त्यात त्याचं नाव होतं. पासपोर्ट हातात दिला होता, आणि या शहाण्याने तो परत केला! म्हणे, "आई, जनरेटर मीच चालवतो. मी उतरलो तर बाकीच्यांना दिवा नाही, पाणी नाही." अर्धा तास त्याला शिव्या घातल्या. त्याने सगळ्या ऐकून घेतल्या, आणि 'जेवलीस का' विचारलं.

ता. ता. क. नंदू, वर एवढं तोंड वाजवलं खरं, पण फोन ठेवल्यापासून त्याचा तो फोटो समोर घेऊन बसलेय. तो काही ऐकायचा नाही. तेव्हा बरं दिसो की न दिसो, उद्या ती फाइल हातात घे. एकट्या सुयोगला सोडवू नकोस. बाराही जणांना आण.