तळमजल्यावरचं चाचणीयंत्र

मी, झ्लातिना बोझकोवा, वय एकाहत्तर, कामेनेत्सच्या अभियांत्रिकी संस्थेची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र नोटरींना तोंडी सांगून लिहवून घेत आहे. पक्षाघाताने माझा उजवा हात गेला; डोकं ठिकाणावर आहे. ते गेलं, असं गावभर सांगणारा माझा धाकटा भाऊ स्तोइल या क्षणी बाहेरच्या बाकावर बसला आहे.

१. नदीकाठचं घर माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीचं. त्याचा तळमजला आणि तिथलं पंपांचं चाचणीयंत्र मी माझी विद्यार्थिनी रालित्सा हिला देते. कारणही नोंदवते, म्हणजे उद्या कोर्टात तर्क लढवायला नकोत.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी सहा महिने कारखान्यात काम करावं, ही योजना माझी. स्तोइल तेव्हा पंप कारखान्याचा संचालक होता. माझ्या शब्दाखातर त्याने फाटक उघडलं. पहिल्याच तुकडीतल्या रालित्साला खाणीसाठी निघालेल्या पंपाच्या कवचावर केसाएवढी चीर दिसली. तिने चाचणीच्या दाखल्यावर सही नाकारली. ट्रक खोळंबला. स्तोइलने मला बोलावून घेतलं.

"ताई, तुझ्या पोरीला आवर. शिकायला आलीये, शिकवायला नाही."

मी म्हटलं, "दाब परत चढव. या खेपेला तू पंपाशेजारी उभा राहा."

तो राहिला. हट्टी आहे. दाबमापकाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला, कामगार मागे हटले. रालित्सा धावत गेली, त्याला बाजूला ओढलं, आणि त्याच क्षणी कवच उकललं. उडालेल्या तुकड्याने स्तोइलचं मनगट मोडलं. जीव वाचला.

माल थांबला, स्तोइलची खुर्ची गेली, नव्या साहेबांनी मुलांना फाटक बंद केलं. म्हणून मी यंत्र घरातच बसवलं. तेव्हापासून कारखान्यांचे बिघडलेले पंप आणि संस्थेची मुलं माझ्या तळमजल्यावर भेटतात.

२. रालित्साने तिथे नुसती व्याख्यानं देऊ नयेत. मुलांचे हात तेलात बुडाले पाहिजेत.

३. वरच्या दोन खोल्या स्तोइलला हयातभर राहायला. घर विकण्याचा हक्क त्याला नाही. खालून आवाज येईल, सोसावा.

४. त्या प्रकरणानंतर रालित्साला संस्थेतून काढून टाकण्याचा ठराव मांडणाऱ्या विभागप्रमुखांना माझी न उघडलेली पुस्तकं. त्यांना ती तशीच आवडतात.

५. पंप फुटला त्या दिवसापासून स्तोइल माझ्या घरी जेवलेला नाही. गेलेल्याच्या नावाने घरच्यांनी वाटायचे उकडलेले गहू माझ्या थडग्यापाशी त्यानेच वाटावेत. नाही म्हणाला, तर पातेलं झाकून ठेवावं. दुसऱ्या कोणी हात लावू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. शब्दन् शब्द माझा आहे. सही डाव्या हाताची.

झ्लातिना बोझकोवा

साक्षीदार: डॉ. ल्युबेन त्रिफोनोव, स्तानका गेन्चेवा (शेजारीण)

कामेनेत्स, १४ मार्च २०१९