ऊन नि चारा

२ फेब्रुवारी, सकाळ
वही नातीची. पुढच्या पानांवर भागाकार आहेत, तेही चुकलेले. मागची पानं कोरी होती, ती मी घेतली. माझी शाळा चौथीपर्यंत. मास्तरांचं नशीब चांगलं, नाहीतर पाचवीलाही गेले असते.

चिरंजीवांना बाल्कनीला काचा लावून आत ऑफिस करायचं आहे. घरून काम करतात. काम म्हणजे स्क्रीनकडे बघून यस यस म्हणणं. काचवाला येऊन माप घेऊन गेला, तेही माझ्याच खुर्चीवर उभा राहून. मी विचारलं, मग मी कुठे बसू? म्हणे, हॉलमध्ये बस की आई, पंखा आहे. हॉलमधून काय दिसतं? सून दिसते. मी तिला दिसते. दोघींचं बघून झालं आहे. बाल्कनीतून समोरचा टेलर दिसतो, बसस्टॉप दिसतो, कोण कोणाच्या गाडीवरून उतरलं ते दिसतं.

भांडण झालं. शेवटी म्हणाले, एवढी बाल्कनी बाल्कनी करतेस, एक झाड तरी जगवलंस का तिथे? मी म्हटलं, जगवीन आणि फुलवीनसुद्धा. ठरलं. तीस एप्रिलपर्यंत माझ्या झाडाला फूल आलं तर बाल्कनी माझी. नाही आलं तर एक मेला काचा.

बिचारा. आईशी पैज लावतो.

३ फेब्रुवारी
नर्सरीत गेले. म्हटलं, मरणार नाही असं झाड दे. त्याने कण्हेर दिली. गुलाबी फुलांची, बारा महिने हिरवी. पाऊस नाही पडला तरी हिचं अडत नाही, लोक हायवेच्या मधोमध लावतात, म्हणाला. फक्त आजी, पान तोंडात घालू नका, विषारी असतं, हात लावलात तर धुवा. मी काय शेळी आहे?

हिला लागतं काय, विचारलं. म्हणाला, ऊन नि चारा, बास. मागे ट्रक हॉर्न वाजवत होता, पण माझे कान शाबूत आहेत. छापील कार्डही दिलं. चष्मा घरी होता. कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. ऐकलं ते ऐकलं.

ऊन आपोआप येतं. चाऱ्याचं मी बघते.

५ फेब्रुवारी
चारा सुरू. सकाळी चहाचा चोथा. दुपारी तांदळाचं धुवण. संध्याकाळी केळ्याची सालं, बारीक चिरून. समोरच्याला भूक लागेपर्यंत थांबायचं नाही, ही माझी पद्धत. चिरंजीवांना असंच वाढवलं. आता दारातून आडवे जातात.

८ फेब्रुवारी
पाणीही वाढवलं. एवढं खाल्ल्यावर तहान लागणारच. सकाळी दोन मग, संध्याकाळी दोन. दुपारी मी चहा घेते तेव्हा तिला एक. एकटीने पिणं बरं दिसत नाही.

१४ फेब्रुवारी
बाल्कनीत माशा. चिरंजीव मीटिंगमध्ये असताना एक माशी त्यांच्या कपाळावर बसली आणि पलीकडचे सगळे हसले म्हणे. त्यात माझा काय दोष? माशी चांगलं बघूनच बसते.

सून म्हणाली, आई, कुंडीला वास येतोय. मी म्हटलं, तुझ्या भेंडीच्या भाजीला येतो तेव्हा मी बोलते का?

(बोलते. पण ते वेगळं.)

२० फेब्रुवारी
खालची पानं पिवळी पडून गळली. बावीस. चांगली खूण आहे. जुने कपडे टाकल्याशिवाय नवे कोण घेतं? घरात सगळ्यांना हे समजावलं. चिरंजीव नुसते हसले. मोबाईलमध्ये काचांची डिझाईनं बघत होते.

जोर यावा म्हणून एका अंड्याचा बलक घातला. पांढरा भाग मी खाल्ला.

१ मार्च, सकाळी ७
कळ्या!!! शेंड्याला पिवळ्या कळ्या, बारीक, मोहरीएवढ्या, शेकड्याने. सगळ्यांना अंथरुणातून उठवलं. म्हटलं, काचवाल्याला फोन लाव, येऊ नकोस म्हणावं. चिरंजीव डोळे चोळत आले. वाकून बघितलं. मग म्हणाले, आई, कळ्या चालतायत.

१ मार्च, ११
मावा होता. किडे. सुनेने साबणाच्या पाण्याचा स्प्रे मारून घालवला. लांबून कोणीही फसलं असतं. मी लांबून बघितलं नव्हतं, पण चष्म्याची काच पुसायची राहिली होती.

९ मार्च
सून ड्रॉवर आवरत होती. कार्ड सापडलं. मोठ्याने वाचायला लागली. कण्हेर. भरपूर ऊन. पाणी बेताचं, माती पूर्ण सुकल्यावरच. उत्तम निचरा.

मी म्हटलं, काय काय? उत्तम काय? ती म्हणाली, निचरा, आई. म्हणजे पाणी खाली निघून जायला हवं. मी म्हटलं, नि चारा. ऊन, नि, चारा. मी स्वतः ऐकलं. ती खुर्चीत बसली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला उचकी लागली. मग म्हणाली, तरीच मी म्हणते, हिच्यापुढे रोज ताट का वाढलं जातंय.

छापणाऱ्याने दोन शब्द चिकटवले, शिव्या मी खायच्या.

तरी माझं मन मोठं आहे. निचरा तर निचरा. असा करते की बघत राहतील.

१० मार्च
चिरंजीव बाहेर गेले होते. त्यांचं ड्रिल घेतलं. कुंडीला तळाशी नऊ भोकं पाडली. एक बाल्कनीच्या फरशीत गेलं, ते चुकून. ड्रिल चालवणं अजिबात अवघड नाही, उगाच बायकांना घाबरवून ठेवलंय.

मग बघायला नको का निचरा कसा होतो? दोन बादल्या ओतल्या. उत्तम झाला.

१० मार्च, पाऊण तासाने
खालच्या मजल्यावरचे रिटायर साहेब वर आले. हातात ओली चादर. चादरीवर केळ्याची सालं. म्हणाले, काकू, ही पांढरी होती. मी म्हटलं, अजून आहे, मधेमधे. सुनेने चादर घेतली, धुवून देते म्हणाली. साहेब तिच्याकडे इतकं दयेने बघत गेले की मला राग आला. काकू म्हणे! माझ्याहून फार तर दोन वर्षांनी लहान असेल.

१९ मार्च
शेंडे काळे. फांदी दाबली तर मऊ लागते. चिरंजीव म्हणाले, आई, गेली ती. मी म्हटलं, झोपली आहे. म्हणाले, बरं, झोपू दे, आणि टेप घेऊन माझ्या खुर्चीच्या जागी टेबल बसतं का ते मोजायला लागले. बसतं.

जेवले नाही. म्हणजे कमी जेवले.

२० मार्च
धाकट्या बहिणीचा गुडघा बदलला. चार दिवस तिच्याकडे जाते. सुनेला बजावलं, झाड हलवायचं नाही, त्याला काही द्यायचं नाही. ती लगेच बरं आई म्हणाली. इतक्या लगेच ती कधीच म्हणत नाही. सुधारते आहे.

२५ मार्च
आले. उठली! कण्हेर उठली!! ताठ उभी, हिरवीगार, काळा शेंडा औषधाला नाही. मी सांगत होते झोपली आहे म्हणून. चिरंजीवांचं तोंड बघण्यासारखं झालं.

पानं पहिल्यापेक्षा बारीक आणि चकचकीत दिसतात. साहजिक आहे. चारा बंद केल्यावर कोण बारीक होणार नाही? मी चार दिवस बहिणीच्या हातचं खाल्लं, माझंही तेच झालंय.

२ एप्रिल
सून हल्ली झाडाजवळ मला एकटीला सोडत नाही. मी पाण्याचा मग उचलला की ती येते. आई, टेलरकडे बघा, कोण आलंय, म्हणते. मी बघते तोवर मग गायब. शिकायची हौस असेल. माझ्यानंतर बघायला कोणीतरी हवंच.

११ एप्रिल
कळी. एकच, लांबट. बोट लावून बघितली. चालत नाही.

१८ एप्रिल, सकाळी ६
फूल!!! आणि पिवळं!!!

नर्सरीवाला गुलाबी म्हणाला होता. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बलक! फेब्रुवारीत घातलेला बलक. रंग उतरला फुलात. हे कोणाच्या कार्डात आहे का? चौथी शिकलेल्या बाईने करून दाखवलं. चिरंजीव फुलाकडे बघतात, सुनेकडे बघतात, पुन्हा फुलाकडे. सून म्हणाली, आईंचा हातगुण. पहिल्यांदा खरं बोलली.

काचवाल्याला नको म्हणून फोन गेला. मी स्वतः शेजारी उभी राहून ऐकला.

२१ एप्रिल
टेलर वर येऊन बघून गेला. बसस्टॉपवरच्या दोन बायका. रिटायर साहेबसुद्धा, चादरीचा राग मागे ठेवून. सगळ्यांना बलकाचं सांगितलं. साहेब म्हणाले, मग बीट घातलं तर लाल येईल का? मी म्हटलं, अभ्यास चालू आहे.

नर्सरीवाल्याला निरोप पाठवला. त्यालाही कळू दे, आपण काय विकतो ते.

२६ एप्रिल
नर्सरीवाला आला. मी चहा दिला, खुर्ची दिली, सगळी कथा सांगितली. त्याने ऐकून घेतलं. पान हातात धरलं, फूल बघितलं. म्हणाला, आजी, गुलाबीला कोंबडी बांधून ठेवली तरी ती पिवळी होत नाही. ही पिवळी कण्हेर, जातच वेगळी. ही तुमच्या सूनबाईंनी मार्चमध्ये नेली. कळ्या नव्हत्या, मी विचारलं होतं पिवळी चालेल का, त्या म्हणाल्या हिरवी असली की चालेल.

चहा त्याने पूर्ण प्यायला. मग गेला.

सुनेला हाक मारली. ती ओट्यापाशीच होती, हात पुसत आली. मी विचारलं, का केलंस? मला वाटलं रडेल, पाया पडेल, काहीतरी करेल. म्हणाली, आई, बाल्कनी गेली की तुम्ही सकाळी सातपासून हॉलमध्ये. मी जाऊ कुठे?

उत्तर खरं होतं. खऱ्या उत्तराचा मला फार राग येतो.

चिरंजीव खोलीतून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, म्हणजे पैज मी जिंकलो. फूल आईच्या झाडाला यायचं होतं. काचवाल्याचा नंबर शोधायला लागले.

मी विचारलं, माझी कुठे टाकलीस? ती म्हणाली, टाकली नाही. टाकवेना. गच्चीवर टाकीच्या मागे आहे. महिनाभर वर गेलेच नाही.

२६ एप्रिल, दुपारी ४
चार मजले चढले. गुडघे शिव्या देत होते, मी त्यांना देत होते. सून मागून, आई हळू, आई हळू. चिरंजीव तिच्या मागून, मोबाईल कानाला.

टाकीच्या मागे कुंडी. माती दगडासारखी, भेगा पडलेल्या. ऊन असं की चप्पल चिकटत होती. काळे शेंडे वाळून गळून गेलेले. त्यांच्या खालून चार नव्या फांद्या, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला गुलाबी. मोजली. अकरा उमललेली, कळ्या वेगळ्या.

कोणी पाणी घातलं नाही. चारा नाही. कोणी बघितलंही नाही.

चिरंजीव म्हणाले, हिचं हिनेच बघितलं.

मी म्हटलं, तारीख काय आज? त्यांनी मोबाईल कानावरून काढला. तिकडून काचवाला हॅलो हॅलो करत होता. म्हणाले, राहू दे, नंतर बोलतो. मग दोघांनी कुंडी उचलून खाली आणली. मी पुढे राहून जिन्यात वळा, वळा, सांगत होते. माझ्याशिवाय आदळलीच असती.

३० एप्रिल
निकाल लागला. बाल्कनी उघडी राहणार. खुर्ची माझी. चिरंजीव बेडरूमच्या कोपऱ्यात टेबल टाकणार. पिवळी रिटायर साहेबांकडे गेली, चादरीच्या बदल्यात.

अट एकच, चिरंजीव, सून आणि नात, तिघांनी मिळून घातली. नर्सरीवाल्यालाही फोन करून त्याचं मत घेतलं. मी झाडाला हात लावायचा नाही. तो फोनवर हॉर्नशिवाय, अगदी सावकाश बोलला. आजी, हिच्याकडे दुर्लक्ष करायचं. दुर, लक्ष. दोन शब्द नाहीत, एकच आहे.

सही केली.

४ मे, संध्याकाळ
आज पाच वेळा दुर्लक्ष केलं. सकाळी उठल्या उठल्या एकदा, आंघोळीनंतर एकदा, दुपारचं जरा लवकर उरकलं, संध्याकाळी जवळ खुर्ची ओढून अर्धा तास नीट केलं. पाचवं झोपताना करायचं आहे, ते आधीच धरलंय.

डावीकडची फांदी तरी मलूल वाटते. तिच्याकडे दुर्लक्ष कमी पडतंय. उद्यापासून वाढवते.